नवरदेवाची कट्यार

धुळ्याच्या माझ्या खोलीत सुऱ्याच सुऱ्या होत्या. एकट्या माणसाला कांदा चिरायला किती लागतात? एक. पण बायको गेल्यापासून संध्याकाळ नुसती खायला उठायची. कापसाच्या जिनिंगमधली कारकुनी आटोपून आलो की मी कानस घेऊन दारात बसायचो. मोटारीच्या चाकावरच्या तुटक्या पोलादी कमानीचा तुकडा लोहाराकडून ठोकून आणायचा, घासायचा, धार लावायची, शिसवीची मूठ बसवायची आणि त्या मापाचं कातडी म्यान शिवायचं. विकायच्या नव्हत्याच. कुणी विचारलं, "हे कशाला हो?" तर मी म्हणायचो, "तुम्ही पत्ते कशाला कुटता?" तोंडाने मी पहिल्यापासून तिखट. मग पुन्हा कुणी विचारायचं नाही, आणि मी आत जाऊन भिंतीकडे बघत खिचडी खायचो.

सोनगीरचा माझा थोरला भाऊ एकदा कापूस घेऊन धुळ्याला आला, तेव्हा मी म्हशीच्या कातड्यात आरी खुपसत बसलो होतो. तो दारातच थबकला. शेतकऱ्याच्या घरातला माणूस चामडं शिवतोय, हे त्याला सोसलं नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याने घेतला नाही. काढलेल्या वहाणा पुन्हा पायात घातल्या आणि चालता झाला. वा रे वा! पायात चामडं चालतं, भावाच्या हातात चालत नाही. मीही हट्टाला पेटलो. नाही तर नाही, गेलास उडत! तेव्हापासून आमचं बोलणं बंद. दिवाळीला निरोप नाही, पोळ्याला बोलावणं नाही. मला त्याची फार आठवण यायची, पण सांगणार कुणाला?

अशी काही वर्षं गेली. मग त्याच्या मुलाचं लग्न ठरलं. बस्ता बांधायला धुळ्याला आलेला पोरगा थेट माझ्या खोलीवर आला. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार येते, टोकाला लिंबू खोचलेली. लग्न लागेपर्यंत तो ती हातातून सोडत नाही. गावात ज्याच्याकडे असेल त्याची मागून आणतात.

"नाना," तो म्हणाला, "कट्यार माले तुमना हातनीच जोयजे."

"वडलांना विचारलंस?"

"सांगं त्यास्ले. काहीच बोलनात नही."

काहीच बोलले नाहीत, म्हणजे 'नको' म्हणाले नाहीत! मला तेवढं पुरे होतं. माझ्या हातची कट्यार त्याच्या अंगणात मिरवणार, म्हणजे भाऊ माझ्याशी बोलणार. न बोलून जाईल कुठे?

पहिलं पातं तापवून पाणी देताना तडकलं. टिण्ण आवाज झाला आणि माझ्या तोंडून अशी शिवी गेली की शेजारच्या काकूंनी दार लावून घेतलं. दुसरं मात्र असं उतरलं की काय सांगू! म्यानासाठी बकऱ्याचं मऊ कातडं आणलं, मेण लावलेल्या दोऱ्याने बारीक टाका घातला, कडेला वेलबुट्टी कोरली. आयुष्यात त्याहून चांगलं म्यान मी शिवलं नाही. काम करताना मी चक्क गुणगुणत होतो.

हळदीच्या सकाळी सोनगीरला पोचलो. भाऊ मांडवात होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो मांडवाचा दोर आवळत राहिला. वहिनींच्या हाती मी म्यानातली कट्यार दिली. देवक बसलेलं होतं, देवापुढे ठेवून कट्यारीची पूजा व्हायची होती. वहिनी उंबऱ्यापाशीच थांबल्या.

"भाऊजी, देवघरमा चामडं चालस का कोठे?"

मी कपाळावर हात मारला. त्याच घरात लहानाचा मोठा झालो, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात येऊ नये! वहिनींनी कट्यार म्यानातून काढली. पातं लाल खणात गुंडाळून आत गेलं. म्यान गोठ्यात, बैलांच्या सामानाशेजारी खुंटीला लागलं. भावाने ते सगळं पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी लग्नाला कट्यार मिरवली. घोड्यावर पोराच्या हातात ती लखलखत होती आणि मी गर्दीत मागे चालत होतो. नवरीकडच्या एका म्हाताऱ्याने भावाला विचारलं, "झकास आहे हो कट्यार, कुणी केली?" मी कान टवकारले.

"धुळ्याहून आणली," भाऊ म्हणाला.

पंगतीत तो आग्रह करत फिरला. माझ्या पानाशी आल्यावर वाढप्याला म्हणाला, "इकडे वाढ," आणि पुढे सरकला.

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत ओट्यावर बसलो होतो. भाऊ आतून आला. हातात कट्यार होती. म्हटलं, आता बोलेल. तो समोर उभा राहिला, वाकला आणि कट्यार माझ्यापुढे जमिनीवर ठेवली.

"उचल," तो म्हणाला. "हातात द्यायची नसते. भांडण होतं."

इतक्या वर्षांनी तो माझ्याशी बोलला होता.

"हातातच दे, भाऊ," मी म्हणालो. "होऊ दे भांडण. भांडायला तरी येशील."

त्याचे ओठ हलले. पण मांडव सोडायला माणसं आली होती. त्यांना हाका मारत तो तिकडे गेला. मी वाट पाहत बसलो. फाट्यावर धुळ्याची मोटार भोंगा वाजवायला लागली, तेव्हा वाकलो आणि कट्यार उचलली.