रानडुकराचा रकाना
भीती वाटली की मी एक्सेल उघडतो. कोविडच्या पहिल्या वर्षी, नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये, शेजारचे डच आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, ‘रानडुकरांसाठी नवी रायफल घ्यायचीय. तू इंजिनीअर ना, सांग कुठली घेऊ?’ भिंतीपलीकडे बंदूक येणार म्हणून मी एक्सेल उघडलं. तक्ता केला: कॅलिबर, गोळीचं वजन, शंभर मीटरवरचा जोर. एकच रकाना उरला. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी जाऊन विचारलं, ‘डुकराचं वजन किती धरू?’

त्यांनी कोविडच्या नियमातल्या दीड मीटरवरून मला नखशिखान्त न्याहाळलं. ‘तुझ्याएवढं,’ ते म्हणाले.

घरात येऊन मी त्या रकान्यात ब्याऐंशी लिहिलं. तक्त्यातलं एकूण एक काडतूस पुरेसं ठरलं. ती फाइल त्यांना पाठवायचा धीर मला झाला नाही.