घमेल्यात बुडवलेलं बंडल

फोन जरा कानाजवळ धर, बाई. मी बोलते अन् तू नुसतं हो-हो करतेस. पांढरकवड्याच्या रस्त्यावरचा, आपल्या घरापुढचा पंक्चरवाला तुले आठवते ना? चाक खोलताना खोकायचा, म्हणायचा, “खानदानी हाय, माय. आईले दमा होता, मले हाय.” अन् वर बिडी पेटवायचा.

परवा त्याच्या लेकीलेही धाप लागली. डॉक्टर म्हणाले, रक्तातून आलं, धुरानं वाढलं. त्यानं बिड्यांचं बंडल ट्यूब तपासायच्या घमेल्यात बुडवलं.

“बिडी सोडली, माय. रक्त कसं बदलू?”

 आता खोकला आला की तो दुकानामागं जातो, लेकीनं ऐकू नये म्हणून. मले भिंतीतून ऐकू येतो. तू लवकर ये, बाई. एकटीनं ऐकवत नाही.