सातव्या माणसाचं उत्तर

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. फोन तिच्या भावाचा, शहाडच्या मिलिंदचा. "दादा, ताई गेली सकाळी," एवढंच तो बोलला. आजारपण माहीत होतं, तरी मी मशीन बंद करून तसाच उभा राहिलो... आणि डोक्यात काय यावं, तर एक वाक्य. 'सुरेशनं त्याचा डबा उघडला.' अशा वेळी हे आठवावं याची मला तेव्हा लाज वाटली. आता सव्वा महिना झाला, आता वाटत नाही.

सुजाता आमच्या वागळे इस्टेटमधल्या चाळीतली, शेजारच्या खोलीतली. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी आयटीआय करून वर्कशॉपला लागलो, ती शिकत राहिली आणि डोंबिवलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवू लागली. नोकरी सांभाळून पीएचडीला बसली, विषय भाषाशास्त्राचा. 'तो', 'त्याला', 'स्वतः', 'आपला' हे शब्द वाक्यात आले की ते कोणाबद्दल आहेत हे ऐकणाऱ्याला कळतं कसं, एवढाच तिचा प्रश्न. मला आधी वाटलं, यात काय शोधायचं? सुशिक्षितांना रिकामे उद्योग फार. तसं मी तिला तोंडावर बोललोही.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती वर्कशॉपमध्ये हजर. हातात वही आणि पिशवीत स्टीलचे तीन डबे, तिन्हींवर तिच्या आईचं नाव घातलेलं. एक डबा तिनं माझ्यापुढे ठेवला, एक माझ्या जोडीदारापुढे, सुरेशपुढे, आणि तिसरा रिकाम्या स्टुलावर. म्हणाली, मी वाक्य बोलते, तुम्ही फक्त डब्यावर हात ठेवायचा. 'सुरेशनं आपला डबा उघडला.' माझा हात सुरेशच्या डब्यावर. मग डबे बाजूला करून म्हणाली, समज, विजय नावाचा कोणी आहे आणि सुरेश म्हणाला की विजयनं स्वतःला कापून घेतलं, तर रक्त कोणाचं? विजयचं. आणि विजयनं त्याला ढकललं, तर पडलं कोण? विजय सोडून कोणीही. मी फटाफट उत्तरं देत होतो. तेव्हा तिनं वही मिटली. "दादा, हे तुला कोणी शिकवलं?" कोणीच नाही, मी म्हटलं. "शाळेत नाही, आईनं नाही. तरी तू चुकत नाहीस. म्हणजे अख्खं व्याकरण तुझ्या डोक्यात आहे. मला ते बघायचंय." माझ्या डोक्यात काही अख्खं आहे, असं तोपर्यंत मला कोणी म्हणालं नव्हतं.

त्या दिवशी एक वाक्य मात्र वेगळं निघालं. 'सुरेशनं त्याचा डबा उघडला.' पुस्तकांप्रमाणे हा डबा दुसऱ्या कोणाचा तरी हवा, स्वतःचा असेल तर 'आपला' म्हणायचं. माझा हात गेला सुरेशच्याच डब्यावर. सुरेशचाही तिथेच. तिनं काही चेहऱ्यावर दाखवलं नाही, वहीत लिहिलं आणि पुढचं वाक्य घेतलं. मग ती हेच तीन डबे घेऊन बाळकुमला गेली. तिथे मिठागरात आयुष्य घालवलेल्या एका आजीनं तिला उडवूनच लावलं. "त्याचाच नं गो. दुसऱ्याचा डबा कला उघरील तो?" कला म्हणजे कशाला. ही गंमत सुजातानं मला इतक्या वेळा सांगितली की आजी माझ्याच नात्यातली वाटायला लागली. कॉलेजात शिकलेल्यांची उत्तरं पुस्तकाप्रमाणे, आमच्यासारख्या अकरा जणांची अशी. दोन्ही तिनं शेजारी शेजारी मांडली.

तिच्या मार्गदर्शकांनी ती अकरा उत्तरं खोडली. लाल पेन्सिलीनं, एका पानावर एक तिरकी रेघ. त्यांचं म्हणणं, ही बिघडलेली मराठी, इंग्रजीच्या संगतीनं झालेली, हिला पुरावा धरता येत नाही. सुजातानं विचारलं, मिठागरातल्या आजीला इंग्रजी कोणी शिकवलं? सर रागावले. त्यांच्या शास्त्रात बोलणाऱ्याला न चालणाऱ्या वाक्याआधी एक चांदणी काढतात, म्हणजे हे वाक्य होत नाही. त्यांनी सुचवलं, या वाक्याला चांदणी काढ, प्रबंध लगेच पुढे जाईल. ती म्हणाली, चांदणी काढायचा हक्क बोलणाऱ्याचा, तुमचा नाही आणि माझाही नाही.

इथे मी चुकलो, ते लिहायलाच हवं. प्रबंध अडला, वर्षं जाऊ लागली, तिच्या मागून आलेले पुढे गेले. एकदा तिच्या घरी जेवताना मी म्हटलं, अगं, माझं खोडून टाक ना, मला काय फरक पडतो? नावापुढे डॉक्टर लागेल तुझ्या. तिनं हातातला घास खाली ठेवला. "तुझ्या डोक्यात व्याकरण आहे म्हणायचं, आणि ते पटलं नाही की तुझं डोकंच मोजायचं नाही? ह्याला मी अभ्यास नाही म्हणणार, दादा." त्यानंतर चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. तापट होती, हट्टी होती, समोरच्याचं वाक्य तोडून बोलायची, आणि तिच्यासमोर मला पुन्हा कधी स्वतःला कमी लेखता आलं नाही. पदवी मिळाली नाही ती नाहीच. डबे घेऊन फिरणं तिनं थांबवलं नाही.

कॉलेजनं शोकसभा ठेवली. एक गृहस्थ हळहळून म्हणाले की बाईंचा अभ्यास दुर्दैवानं अपुरा राहिला. मी काही बोलायला गेलेलो नव्हतो, पण उठलो. मी म्हटलं, अपुरा नाही साहेब, तो पुरा आहे. तिनं तो खोटा करायला नकार दिला. तिच्या वहीतला सातवा माणूस मी, मला विचारा. कोणी विचारलं नाही. सभा संपली, चहा आला, आणि त्या गृहस्थांनी माझी नजर टाळली.

परवा मिलिंद शहाडहून आला. तीन डब्यांपैकी एक तिनं माझ्यासाठी काढून ठेवला होता. वरचं आईचं नाव तसंच, खाली सुजातानं नंतर आपलं नाव घालून घेतलेलं. आत घडी केलेलं एकच पान, माणूस क्रमांक सात. माझ्या उत्तरावर ती लाल रेघ. आणि रेघेखाली निळ्या शाईत, तिच्या बारीक अक्षरात, 'हे राहील'.

डबा आता आमच्या मांडणीवर असतो, डोळ्यांसमोर. पान आतच आहे. हे छापणाऱ्या पुरवणीच्या संपादकांना एक विनंती, पुढचं वाक्य सुधारू नका. सुजातानं तिचा डबा माझ्याकडे ठेवलाय. कोणाचा डबा, हे बाळकुमपासून शहाडपर्यंत सगळ्यांना कळतं.