पोरीचं फूल

माझ्या थोरल्या बहिणीइतकं बॅडमिंटन अख्ख्या रत्नागिरीत कोणी खेळलेलं नाही, आणि तिने आजवर एकही सामना पाहिलेला नाही. खेळते तिची लेक, माझी भाची, तीही देशोदेशीच्या स्पर्धांत. घाम मात्र इथे ताईला फुटतो. सामना सुरू व्हायच्या आधी ती घरातले सगळे पंखे बंद करते. "पोरीचं फूल उडतं रे वाऱ्यानं!" फूल म्हणजे शटल. ते परदेशातल्या बंदिस्त हॉलमध्ये आणि पंखा आमच्या माजघरात, हे मी एकदाच सांगून पाहिलं. "तू कॅरम तरी जिंकलायस का कधी?" असं उत्तर आलं आणि ऐन मे महिन्यात मी निथळत बसलो. मग ती मागच्या पडवीत जाऊन वाळत घातलेली आमसुलं उगाच उलटीपालटी करत बसते. मी मोबाईलमध्ये डोकं खुपसून आतून प्रत्येक गुणाला फक्त "आपला!" किंवा "त्यांचा!" एवढंच ओरडायचं. आकडे सांगायचे नाहीत.

सामन्याआधीचं गाऱ्हाणं मात्र माझ्याकडे. देवापुढे नारळ ठेवून मी मागायचं आणि ताईने प्रत्येक मागण्याला "होय महाराजा" म्हणायचं. भाची पहिल्यांदा परदेशी खेळायला गेली तेव्हा मी रंगात येऊन म्हणालो, "बा देवा महाराजा, लेकरू साता समुद्रापार गेलंय, त्याला सुखरूप आणि लवकर घरी आण रे महाराजा!"

"होय महाराजा!" ताईही भरात ओरडली.

देवाने शब्दन् शब्द ऐकला. भाची पहिल्याच फेरीत हरली आणि आठवडा संपायच्या आत दारात हजर. बुटाच्या नाड्या सोडत म्हणाली, "मामा, इतकं नेमकं मागू नये." तेव्हापासून आमच्या घरात 'लवकर' हा शब्द बंद आहे. पाहुण्यांनासुद्धा ताई "जरा आधी या" म्हणते.

पुढे भाचीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती घरी न येता सरावाच्या अकादमीतच राहिली, व्यायाम करत. परसातल्या बरक्या फणसावर तिचा भारी जीव. पण आंबा पेटीतून धाडता येतो, पिकून लिबलिबीत झालेला बरका कसा धाडणार? दोन हंगाम तो शेजाऱ्यांनीच खाल्ला. यंदा तिचा फोन आला, "आई, या स्पर्धेत पात्रता फेरीत हरले तर रॅकेट खाली ठेवणार." त्या आठवड्यात आमच्या आमटीत मीठ एक तर दोनदा पडे, नाहीतर पडतच नसे. ताई येताजाता विचारी, "गुडघा टिकेल ना रे?" आणि मी डॉक्टर असल्यासारखा म्हणे, "टिकेल गो!"

सामन्याच्या दिवशी भाचीनेच फोन चालू ठेवायला लावला. म्हणाली, "मामाचा भरवसा नाही. गाऱ्हाणं मी ऐकणार, मगच हॉलमध्ये शिरणार."

"बा देवा महाराजा, पोरीचा गुडघा शाबूत ठेव!"

"होय महाराजा."

"तिचं फूल रेषेच्या आत पाड!"

"होय महाराजा."

आता मी शहाणा झालो होतो. "आणि तिला बिलकूल लवकर नको, चांगली उशिरा घरी आण रे महाराजा!"

ताई गप्प. वळून पाहिलं, तर पदर तोंडाशी. गाऱ्हाणं अर्धं राहिलं, तर देवाने काय समजायचं? तेवढ्यात फोनमधून भाचीचा आवाज आला, थोडा ओला, पण खणखणीत, "होय महाराजा!"

ताईने डोळे पुसले आणि उठून पंखा बंद केला.

शेवटचा गुण झाला तेव्हा मी घर हलेल इतक्या जोरात "आपला!" ओरडलो. बाहेर गेलो, तर ताई एकच आमसूल हातात धरून फणसाकडे बघत बसलेली.

"जिंकली ना? मग यंदाचाही शेजाऱ्यांनाच रे," ती म्हणाली.

मी पंखा लावायला वळलो, तर मागून हळूच म्हणाली, "राहू दे जरा बंदच."