डब्यातलं कापड

पौष महिना, मंगळवार, सकाळ. साल एकोणीसशे त्रेसष्ट. ठिकाण कोरीट, आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. हजर: मी, आमचे हे, सासूबाई आणि जिनिंगमधला फिटर. उंबऱ्याच्या आत बसून: धाकटी जाऊ, नववा लागलेला. गैरहजर: तिचा नवरा, म्हणजे आमचे भावजी. कापसाच्या गाड्या घेऊन गेले होते.

मोटार आम्ही सुरतेकडून घेतली होती, वापरलेली. हौस म्हणून नव्हे. जावेचं पहिलं बाळ नंदुरबारच्या वाटेवर बैलगाडीतच गेलं होतं. दवाखाना गाठायच्या आधीच. त्यानंतर ती बैलांकडे बघायची नाही. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा घरात ठरलं की या वेळी मोटार हवी. ती चालू ठेवणं माझ्याकडे आलं, कारण घरात जे काम कुणाचंच नसतं ते माझ्या यादीत येतं.

आठवडाभर तेलाचा काटा पडत होता. इंजिन तापलं की काटा खाली, आणि बॉनेटखालून बारीक कण्हल्यासारखा आवाज. यांनी तेल बदललं. काटा पडतच राहिला. मग फिटरला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडून तेल गाळणाऱ्या फिल्टरच्या डब्यावर बोट ठेवलं.

"कंपनीना नही हाऊ. बाजारात भरेल शे." पाना लावून त्यानं जोर केला. नटाचे कोपरे झिजून गोल झाले होते, पाना नुसता घसरत होता. "जवाईसारखा बसेल शे वहिनी, उठानं नाव लेत नही."

"जावयाला हातोडी लावत नाहीत," मी म्हटलं. "याला लावा."

छिन्नी नटाच्या कडेला धरून तो ठोकू लागला. मी शेजारीच उभी होते. प्रत्येक ठोक्यानंतर डब्याच्या आतून एक मऊ, दबका आवाज यायचा, कुणी गादीवर कूस बदलावी तसा. फिटर थांबला की तोही थांबे. तेल हलत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण आत तेल हलायला जागा नव्हती, हे झाकण निघाल्यावर कळलं.

डबा कापडानं ठासून भरलेला होता. फिटरनं चिमट्यानं टोक धरून ओढलं. काळं, ओलं कापड निघत गेलं. आणखी निघालं. एवढ्याशा डब्यात एवढं मावलं कसं, असं वाटावं इतकं.

"अजून निंघी ऱ्हायनं," तो हसत म्हणाला. मग हसायचा थांबला.

तेल निथळावं म्हणून त्यानं ते अंगणातल्या बाजेवर पसरलं. बाहेरचा भाग काळाकुट्ट होता, पण आतल्या घड्यांपर्यंत तेल नीट पोचलंच नव्हतं. तिथं हिरवा रंग दिसत होता. कापड मी आयुष्यभर फाडलं आणि शिवलं आहे, त्यामुळे दोन गोष्टी लगेच दिसल्या. ते कात्रीनं कापलेलं नव्हतं, हातानं फाडलेलं होतं. आणि बाजेच्या उशापासून निघून ते एका बेताच्या बाईच्या पायांपर्यंत बरोबर पुरत होतं. दुपारी त्या बाजेवर जाऊ पडायची. तिच्याएवढंच.

एका कोपऱ्याला गाठ होती. आत काहीतरी टणक.

सासूबाई काठी टेकत आल्या आणि दुरूनच थांबल्या. "हात लावू नको. हाई मयत सवाष्णनी ओटी शे. कोना घरनी, कोन जाने."

फिटरनं खाली बघत सांगितलं. घाटावर मयतावरची कापडं उतरवून ठेवतात, ती चिंधीवाला नेतो, चिंध्या गॅरेजात येतात. स्वस्तातले फिल्टर भरणारा कुणी कापडाचं घराणं विचारत नाही.

"गाठ सोडू नका," सासूबाई म्हणाल्या. "प्रकाशाले लई जा, तापीम्हा सोडा. मंग धाकलीले गाडीम्हा बसाडा."

तेवढ्यात आतून जावेचा आवाज आला. "अक्का, मन्हं पोट दुखी ऱ्हायनं."

दाराच्या आडून तिला बाज दिसत नव्हती. बाजेचं नाव कुणी काढलंही नव्हतं. पण उंबऱ्याबाहेर यायला ती तयार होईना. "त्या बाजेवर कोन निजेल शे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "कुणी नाही. तेल सुकतंय."

प्रकाशाचा तापीवरचा घाट एकीकडे, नंदुरबारचा दवाखाना दुसरीकडे. मी फिटरला विचारलं, रिकाम्या डब्यानं गाडी जाईल का. तो म्हणाला, आत काहीतरी हवं, स्वच्छ सुती. बाळासाठी धुऊन ठेवलेल्या दुपट्यांकडे यांचा हात गेला. मी तो बाजूला केला आणि माझं जुनं लुगडं काढलं. कात्रीनं कापलं, मुद्दाम. फिटरनं ते गुंडाळून डब्यात घातलं आणि नट बसवला. जावेला आम्ही परसदारानं काढून गाडीत बसवलं. सासूबाईंनी बाजेकडे पाठ करून तिच्या डोक्यावरून पदर ओढला.

नंदुरबारपर्यंत काटा हलला नाही. संध्याकाळी मुलगा झाला आणि लगेच रडला. जाऊही रडली.

परत आल्यावर यांनी ते कापड चिमट्यानं उचलून घासलेटच्या रिकाम्या डब्यात घातलं, झाकण लावून गोठ्याच्या आढ्याला टांगलं. बाज मी राखेनं घासली. तिच्याखालच्या मातीवर मात्र माणसाच्या लांबीचा डाग पडला. वर शेण सारवलं की चार दिवसांनी पुन्हा दिसतो.

सासूबाईंचं म्हणणं असं की ज्या गाडीतून निघालं तिच्यातूनच ते न्यायचं, बैलगाडीतून नाही. आम्ही निघालो, एकदा नव्हे. गाडी तापीच्या रस्त्याला लागली की काटा पडतो आणि ते कण्हणं सुरू होतं. नंदुरबारच्या रस्त्याला कधीच होत नाही.

हे म्हणतात, "उतार शे, तेल एक बाजूले जास."

असेल. फिटरनं पुन्हा डबा उघडून बघायचं ठरवलं, तर नट जाम. आता आत माझं लुगडं आहे.

याला दोन वर्षं होत आली. जावेला पुन्हा दिवस गेले आहेत. सातवा लागला. ती दुपारी बाजेवर निजत नाही, आत जमिनीवर निजते. गोठ्यात दूध काढताना आढ्यावरच्या डब्यातून अजून तेलाचा थेंब पडतो. झाकण मी दोनदा बदललं.

या महिन्याच्या यादीत सुईण सांगून झाली, सुंठ आणून झाली, दुपटी धुऊन झाली. प्रकाशाला जाणं अजून झालेलं नाही.