न हललेला माल

इस्त्रीखाली नवऱ्याचा शर्ट, शेगडीवर दूध आणि सासूबाईंचा चष्मा सापडत नाही, अशा ऐन घाईत दार वाजलं. दारात सैन्याच्या डेपोतला स्टोअरकीपर उभा होता. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला.

"मॅडम, मला घरी बसवलंय."

"का? काय झालं?"

"रुग्णवाहिका डोंगरात बंद पडली. एक्सल तुटला, आणि डेपोत दुसरा शिल्लक नाही. जखमी शिपायाला खांद्यावरून खाली आणलं. उशीर झाला. पाय कापावा लागला."

 डेपोतले जादा एक्सल तिनेच भंगारात काढायला लावले होते.

बाई मूळची खासगी बस कंपनीतली. धूळ खात पडलेल्या मालावर अशी तुटून पडायची, की गोदामातल्या कामगारांनी तिचं नाव केरसुणी ठेवलं होतं. तेही तोंडावर. "केरसुणीबाई, हे विकलंत तर बस तुम्हीच ढकला हं!" मग कडाक्याचं भांडण व्हायचं आणि कामाचा माल वाचायचा. आपली हुशारी त्या भांडणांवर उभी आहे, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही. सरकारने 'डेपोला कंपनीची शिस्त लावा' म्हणून मानाने बोलावलं, तेव्हा तिने तिथेही तोच नियम लावला. वर्षानुवर्षं हलत नाही तो माल बाहेर! समोरची माणसं म्हणाली, "जी मॅडम." तिला वाटलं, किती गुणी माणसं ही!

"त्या रुग्णवाहिका एरवी बाहेरच निघत नाहीत, म्हणून त्यांचा माल हलत नाही, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?" ती कडाडली. "मग तोंडात मिठाची गुळणी धरली होती?"

"वरच्यांना उलट बोलायची आमच्यात रीत नाही, मॅडम. तुम्ही कर्नलसाहेबांच्या शेजारी बसला होतात."

"आणि चौकशी?"

"उद्या आहे. आमच्यात खालच्या माणसापासून विचारतात. किल्ली माझ्याकडे होती. दोषी सापडला की वर कोण जातंय विचारायला?"

"अगं, दूध गेलं उतू!" सासूबाई आतून ओरडल्या. "आणि हा शर्ट की पापड?"

"जाऊ दे सगळं चुलीत!" म्हणत तिने पायात चपला सरकवल्या.

डेपोत कर्नलसाहेबांनी तिला खुर्ची दिली. स्टोअरकीपर दाराशी उभाच राहिला.

"बाई, तुम्ही पाहुण्या. तुमच्या नावाला धक्का लागणार नाही, अगदी निश्चिंत राहा."

"निश्चिंत? एकाचा पाय गेला, दुसऱ्याची नोकरी चाललीय, आणि मला कडेवर घेऊन चिखल पार करवताय? मी काय तान्हं बाळ आहे? कोठार मोकळं दिसलं तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या? तुम्हीच ना?"

"आवाज खाली, बाई. चौकशीची पद्धत मी घातलेली नाही."

"हो ना! इथे कोणीच काही केलेलं नसतं!"

तिला साहेबांचा राग होता, दाराशी खाली मान घालून उभ्या असलेल्या त्या माणसाचाही होता. पण सगळ्यात जास्त संताप होता तो त्या 'जी मॅडम'ने खुललेल्या स्वतःच्या चेहऱ्याचा. ती खुर्चीवरून उठली.

"साहेब, एकच मागणं आहे. उद्या चौकशीत यांच्याआधी मला विचारा."