दाराच्या अस्तरामागची दोरी

चांदवडकडे कांद्याची गोणी शिवायची एक रीत आहे. दाभणात सुतळी ओवून तोंड शिवत जायचं आणि शेवटची गाठ अशी मारायची, की एक टोक ओढलं की सगळी शिवण सरसर उसवावी. रंगनाथ गांगुर्डे ही गाठ सातव्या वर्षी शिकला. त्याचे वडील म्हणत, "जी उघडता येत नाय ती गोणी शिवू नये." यात तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. शिवण कापायला गेलं की गोणी फाटते, एवढाच व्यवहार. पण रंगनाथच्या पुढच्या सगळ्या उचापतींचं मूळ त्या गाठीत आहे.

आयटीआय करून तो नाशकात आला, सातपूरच्या दोन-तीन वर्कशॉपांत हात काळे केले आणि १९९९ साली अंबडच्या एका नव्या कारखान्यात फिटर म्हणून लागला. तिथे विजेवर चालणारी छोटी मोटार बनणार होती. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही. गावाकडे कुणाला खरं वाटेना. घराण्यातली ही पहिली कायमची नोकरी. सिडकोत दोन खोल्या झाल्या, उज्वलाशी लग्न झालं. कारखान्यात रंगनाथकडे गाडीचे दरवाजे बसवायचं काम होतं.

आता या दरवाजांची गंमत ऐका. त्यांना कडीच नव्हती, बाहेरूनही नाही आणि आतूनही नाही. कारखान्याचे एमडी साहेब परदेशात एक प्रदर्शन पाहून आले होते आणि तेव्हापासून कडीवाली गाडी त्यांना फडताळासारखी दिसू लागली होती. म्हणून दार उघडायला बटण, काच खाली करायला बटण, आणि ही बटणं चालणार गाडीच्याच बॅटरीवर. बॅटरी संपली की बटणंही संपली. शेंबड्या पोराला कळलं असतं, पण शेंबड्या पोराला मीटिंगला कोण बोलावतो?

चाचणीच्या दिवसांत रंगनाथ स्वतःच अडकला. मे महिना, कारखान्याचं आवार, शेजारच्या सीटवर डिझाइनच्या पल्लवी मॅडम. गाडी बंद पडली आणि बटणं मेली. मागची काच काढून दोघांना बाहेर घेईपर्यंत वीस मिनिटं गेली. घाम पुसत रंगनाथ म्हणाला, "मॅडम, आतून एक दोरी सोडली तर?" मॅडमनी तसा कागद वर पाठवला. चार दिवसांनी तो शेरा घेऊन खाली आला, की दोरीमुळे गाडीच्या देखणेपणाला बाधा येते.

मग रंगनाथने गावची अक्कल चालवली. कुलपाच्या खटक्याला नायलॉनची बारीक दोरी बांधायची, दाराच्या आतून खाली घ्यायची आणि तिचं टोक खालच्या कोपऱ्यात अस्तरामागे खोचायचं. एकदा पल्लवी मॅडम टेबलापाशी थांबल्या. दोरीकडे पाहून म्हणाल्या, "अस्तर नीट बसवा, दिसता कामा नये." अशा एकशे दहा गाड्या दोरीसकट विकल्या गेल्या. दोरी आहे हे या दोघांना ठाऊक होतं. ज्याची गाडी त्याला मात्र नव्हतं.

२००३ च्या जानेवारीत कामगारकपातीची यादी लागली. गाड्या खपत नव्हत्या. एकशे चाळीस माणसांतली साठ कमी केली. एरवी कॅन्टीनच्या ज्या फळ्यावर आजची भाजी लिहीत, त्याच फळ्यावर नावं लावली होती. पल्लवी मॅडमचं नाव होतं, रंगनाथचं नव्हतं. त्याला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. उज्वला म्हणाली, "आता तोंड मिटून काम करा." त्याचाही बेत तोच होता.

एप्रिलमध्ये पंचवटीतून कारखान्याला फोन आला. विमलाबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका भाजी घेऊन घरी निघाल्या होत्या. भर दुपारी गल्लीत गाडी बंद पडली आणि त्या आत कोंडल्या गेल्या. माणसं जमली, पण ओढायला कडीच नाही. कुणी गाडी ढकलली, कुणी हसलं. अर्ध्या तासाने एका रिक्षावाल्याने दगडाने काच फोडली. बाई दोन दिवस दवाखान्यात होत्या.

नवी काच बसवायला कारखान्याने रंगनाथला पाठवलं. बाई अंगणात खुर्ची टाकून बघत होत्या. फुटलेले तुकडे काढायला त्याने अस्तर उघडलं, तर दोरी त्याने खोचली होती तशीच होती. सीटवर बसलेल्या माणसाच्या हातापासून वीतभर अंतरावर. अस्तर पुन्हा लावून निघून जाता आलं असतं. सिडकोच्या दोन खोल्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्याही. मग त्याने दार लावलं, फुटक्या खिडकीतून हात घातला आणि दोरी ओढली. दार उघडलं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"दोरी हाय, बाई. मीच बांधली. समद्या गाड्यांना हाय."

वर्गात विचारावं तसं बाई शांतपणे म्हणाल्या, "मग सांगितलं का नाहीस?"

उत्तर सरळ होतं. नोकरी गेली असती. पण तो वाकून काचेचे तुकडे वेचू लागला. आयुष्यात इतकी शरम त्याला कधी वाटली नव्हती.

बाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी पुठ्ठे कापले आणि गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलं: "दार उघडेना तर ही ओढा." नाशकातल्या बेचाळीस गाड्यांसाठी बेचाळीस पुठ्ठे, बाहेरगावच्यांना दोरी कुठे आहे ते सांगणारी अडुसष्ट पोस्टकार्डं. पत्ते रंगनाथने सर्व्हिसच्या वहीतून उतरवून आणले. दर रविवारी तो लुनावर निघायचा, दोरी बाहेर काढायचा, तिला पुठ्ठा बांधायचा आणि मालकाला एकदा ओढायला लावायचा.

सगळ्यात शेवटी राहिली एमडी साहेबांच्या घरची गाडी. ती त्यांच्या आई वापरत. जूनच्या एका रविवारी तो गंगापूर रोडच्या बंगल्यात पुठ्ठा बांधत असताना साहेबच बाहेर आले.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी नाय, साहेब."

साहेब आत बसले, दार लावलं, मेन स्विच बंद केला. सवयीने दोनदा बटण दाबलं. मग दोरी ओढून बाहेर आले आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "उद्या ऑफिसात ये."

दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं. मंजूर ड्रॉइंगबाहेर काम केल्याबद्दल सेवा समाप्त. तिसऱ्या दिवशी उज्वलाने गावी परतायला सामान बांधायला घेतलं. रंगनाथने चांदवडला पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. कारखाना पुढे दोन वर्षांत बंदच पडला.

पण त्याआधी, त्याच वर्षीच्या दिवाळीत, अनुभवाचा दाखला घ्यायला रंगनाथ अंबडला गेला होता. दाखला घेऊन निघाला, तर फाटकाच्या आत साहेबांच्या आईची गाडी उभी होती. ड्रायव्हर ती पुसत होता, दार उघडं होतं. विमलाबाईंच्या अक्षरातला पुठ्ठा होता तिथेच होता. दोरीच्या टोकाला कुणीतरी लाल लोकरीचा गोंडा बांधला होता, म्हाताऱ्या हाताला चटकन सापडावा म्हणून.

"साहेबांनी स्वतः बांधलाय," ड्रायव्हर म्हणाला.

रंगनाथने वाकून पाहिलं. गाठ अगदीच कच्ची होती. घाईत ओढली असती तर नुसता गोंडा हातात आला असता. त्याने दाखल्याचा कागद दातांत धरला, ती गाठ सोडली आणि पक्की बांधून दिली.